घरासाठी लाकडी जमीन : आधी ओलावा, मग रंग

महाराष्ट्रातील घराला लाकडी जमीन नवी नाही. जुन्या वाड्यांच्या माड्या सागवानी तुळयांवर उभ्या असत. तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट आणि त्यांवर फळ्यांची तक्तपोशी किंवा माती-चुन्याचा थर, अशी ती रचना होती. कोकणातील कौलारू घरांचे माळे फणस, ऐन, किंजळ यांच्या फळ्यांनी घडत. मुंबईच्या जुन्या चाळींमध्ये तर कित्येक कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या लाकडी जमिनीवरच वाढल्या. पुढे लोखंड आणि सिमेंट आले, त्यांच्यामागून शहाबादी फरशी, मोझॅक आणि गुळगुळीत टाइल्स आल्या. लाकूड पायाखालून निघाले आणि दारे, खिडक्या, देव्हारा यांपुरते उरले.

अलीकडे ते 'वुडन फ्लोअरिंग' या नावाने पुन्हा घरात येऊ लागले आहे. शहरातील सदनिकेत निदान एखाद्या शयनगृहाची जमीन लाकडी असावी, अशी हौस अनेक कुटुंबांना वाटते. हौस गैर नाही. लाकडी जमीन पायाला उबदार लागते, डोळ्यांना शांत वाटते आणि नीट निगा राखल्यास दीर्घकाळ टिकते. परंतु मधल्या काळात लाकडाविषयीचे घरोघरचे ज्ञान मात्र मागे पडले. पूर्वी घरासाठी लागणारे लाकूड दोन-चार वर्षे आधी घेऊन गोठ्यात किंवा पडवीत रचून ठेवण्याची रीत होती. आज ग्राहक दुकानातील वीतभर नमुना पाहून रंग पसंत करतो आणि आठवड्याभरात जमीन बसवून घेतो. मग उन्हाळ्यात बसवलेली जमीन श्रावणात फुगून मध्येच उचलली जाते, किंवा पावसाळ्यात बसवलेल्या जमिनीत फाल्गुनापर्यंत बोटाचे नख जाईल एवढ्या फटी पडतात. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून किंवा कर्ज काढून केलेला खर्च असा वाया गेला, की दोष सागाला, सुताराला किंवा नशिबाला दिला जातो. वस्तुतः बहुतेक वेळा दोष असतो तो लाकडात राहून गेलेल्या पाण्याचा.

लाकूड आणि पाणी

झाड उभे असते तेव्हा त्याच्या खोडात भरपूर पाणी असते. लाकडातील पाण्याचे वजन लाकडाच्या पूर्ण कोरड्या वजनाच्या किती टक्के आहे, त्यास त्या लाकडाचा ओलावा म्हणतात. झाड तोडल्यानंतर प्रथम पेशींच्या पोकळीतील मोकळे पाणी निघून जाते. या अवस्थेत लाकूड हलके होते, परंतु आकसत नाही. ओलावा सुमारे २५ ते ३० टक्क्यांवर आला की पेशींच्या भिंतींत मुरलेले पाणी जाऊ लागते आणि तेथून पुढे लाकूड आकसू लागते.

हे आकसणे कायमचे संपत नाही. लाकूड कितीही जुने झाले तरी भोवतालच्या हवेशी त्याची देवघेव चालूच राहते. हवेतील सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ३० टक्के राहिली तर लाकडाचा ओलावा सुमारे ६ टक्क्यांवर स्थिरावतो. आर्द्रता ६५ टक्के असल्यास तो १२ टक्क्यांच्या आसपास आणि ८० टक्के असल्यास १६ टक्क्यांच्या आसपास राहतो. विदर्भात वैशाखातील दुपारी हवा अत्यंत कोरडी असते, तर कोकणात आषाढ-श्रावणात ती पाण्याने जड झालेली असते. म्हणजे एकच फळी नागपूरला आणि रत्नागिरीला वेगळी वागते. इतकेच नव्हे, तर एकाच घरात मे महिन्यात आणि जुलै महिन्यातही ती वेगळी वागते.

देशभरात हवामान सारखे नसल्यामुळे लाकडाच्या ओलाव्याची एकच मर्यादा सर्वत्र लागू करता येत नाही. म्हणूनच भारतीय मानक २८७ मध्ये सापेक्ष आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग कल्पून, कोणत्या कामासाठी कोणत्या विभागात लाकडाचा ओलावा किती असावा, याची शिफारस केलेली आहे. लाकूड सुकवण्याच्या पद्धतीसाठी मानक ११४१ आणि लाकडी जमिनीच्या बांधणीसाठी मानक ३६७० आहे. चोख काम करणाऱ्या ठेकेदाराला ही नावे परकी नसतात.

फुगणे आणि आकसणे यांचे गणित

लाकूड सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. लांबीत होणारा फरक नगण्य असतो. रुंदीतील फरक मात्र फळी ओंडक्यातून कशी चिरली, यावर अवलंबून असतो. फळीचे टोक पाहिले असता वाढीची वलये फळीच्या रुंदीला समांतर, आडवी पसरलेली दिसली, तर ती फळी अधिक हालचाल करते. वलयांच्या रेषा उभ्या दिसल्या, तर ती हालचाल बहुधा निम्म्याच्या आसपास असते.

साग हे या बाबतीत सर्वांत शहाणे लाकूड समजले जाते. ओल्या अवस्थेतून पूर्ण कोरडे होईपर्यंत साग वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के, तर गाभ्याकडून सालीच्या दिशेने सुमारे २.५ टक्के आकसतो. परदेशातून येणाऱ्या व्हाइट ओकच्या बाबतीत हेच आकडे सुमारे १०.५ आणि ५.६ टक्के आहेत. तरीही सागाला गणित चुकत नाही. १० सेंटिमीटर रुंदीची आडव्या वलयांची सागवानी फळी २० टक्के ओलावा असताना बसवली आणि पुढे तो १० टक्क्यांवर उतरला, तर प्रत्येक फळीमागे जवळजवळ २ मिलिमीटरची फट पडते. उलट, १० टक्के ओलाव्याच्या फळ्या ३ मीटर रुंदीच्या खोलीत एकमेकींना घट्ट भिडवून बसवल्या आणि पावसाळ्यात ओलावा १६ टक्क्यांवर गेला, तर सगळ्या फळ्या मिळून सुमारे साडेतीन सेंटिमीटर जागा मागतात. ती मिळाली नाही, तर जमीन वर उचलली जाते. उभ्या वलयांच्या फळ्या असतील, तर हीच मागणी दीड सेंटिमीटरच्या आसपास राहते.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की जमिनीचे लाकूड अगदी ओले नसावे आणि अगदी शुष्कही नसावे. त्या गावच्या वर्षभराच्या सरासरीशी जुळणारा ओलावा त्यात असावा. म्हणजे त्याला दोन्ही बाजूंना थोडेथोडेच सरकावे लागते. दुसरी अशी, की लाकडी जमीन बसवण्यास भर पावसाळा आणि कडक उन्हाळा हे दोन्ही काळ गैरसोयीचे होत. दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने त्यासाठी बरे.

सुकलेले लाकूड कसे ओळखावे

लाकूड सुकवण्याच्या रूढ पद्धती दोन. सावलीत, फळ्यांच्या थरांमध्ये सारख्या जाडीच्या रिपा घालून, हवा खेळती ठेवून लाकूड सुकवणे ही जुनी पद्धत. एक इंच जाडीच्या फळीलाही तीत कित्येक महिने लागतात आणि पावसाळ्यात सुकणे जवळपास थांबते. दुसरी पद्धत भट्टीची. तीत उष्णता आणि आर्द्रता दोन्ही नियंत्रित ठेवून थोड्या दिवसांत हवा तेवढा ओलावा साधता येतो. मात्र भट्टीतून निघालेले लाकूड वखारीत उघड्यावर पावसाळाभर पडून राहिले असेल, तर भट्टीचा उपयोग राहत नाही. यास्तव 'भट्टीत सुकवलेले' या शब्दांवर न थांबता 'आज ओलावा किती' असे विचारावे.

ओलावा मोजण्याचे विजेवर चालणारे लहान यंत्र मिळते. त्याच्या दोन सुया फळीत टोचल्या की आकडा दिसतो. चांगल्या वखारीत आणि ठेकेदाराकडे ते असते. एकाच फळीवर न थांबता गठ्ठ्यातील निरनिराळ्या आठ-दहा फळ्यांवर ते लावून पाहावे. फळ्याफळ्यांत मोठा फरक आढळला, तर तो माल एकत्र बसवण्याजोगा नाही.

यंत्र नसल्यास घरीही परीक्षा करता येते. फळीच्या मधल्या भागाचा लहान तुकडा कापून घ्यावा व स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर तोलावा. मग तो ओव्हनमध्ये सुमारे १०३ अंश सेल्सिअस तापमानावर ठेवून, वजन कमी होणे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा तोलावा. समजा, तुकडा प्रथम २३० ग्रॅम भरला आणि शेवटी २०० ग्रॅम राहिला, तर ३० ग्रॅम पाणी गेले. म्हणजे ओलावा १५ टक्के होता. फळीच्या टोकाचा तुकडा मात्र घेऊ नये, कारण टोके आधी सुकतात आणि फसवा आकडा देतात.

लाकडाची जात

महाराष्ट्राचे भाग्य असे, की उत्तम सागाची वने याच राज्यात आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्ली आणि चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूर ही नावे सागाच्या व्यापारात मानाने घेतली जातात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये याच भागातील साग पाठवण्यात आला. वन विभाग आणि १९७४ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र वन विकास महामंडळ यांच्या आगारांतून लाकडाचे जाहीर लिलाव होतात आणि तेथील माल व्यापाऱ्यांमार्फत वखारींत पोहोचतो.

तथापि, साग म्हटला म्हणजे सगळा सारखा नसतो. खोडाच्या आतील सोनेरी-तपकिरी लाकूड, ज्यास मध्यकाष्ठ म्हणतात, तेच वाळवीला आणि कुजण्याला दाद देत नाही. बाहेरचा फिकट पांढुरका भाग, म्हणजे रसकाष्ठ, कोणत्याही सामान्य लाकडासारखा पोखरला जातो. लवकर तोडलेल्या लागवडीच्या झाडांत, मग ती देशी असोत वा आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतून आलेली असोत, रसकाष्ठाचे प्रमाण जास्त असते. अशा फळ्यांना रंग देऊन सर्व भाग एकसारखे दाखवता येतात. म्हणून पॉलिश केलेला नमुना पाहून समाधान मानू नये. रंधा मारलेली, पॉलिश न केलेली फळी पाहावी. सागाला हाताला किंचित तेलकट लागणारा स्पर्श आणि ताज्या कापाला चामड्यासारखा वास असतो.

'बर्माटीक' हे नाव अजूनही बाजारात ऐकू येते. म्यानमारने ओंडक्यांची निर्यात १ एप्रिल २०१४ पासून बंद केली. त्यामुळे हे नाव सांगून नवे लाकूड कोणी देऊ करत असल्यास ते कोठून आले, याची कागदोपत्री खात्री करून घ्यावी. मात्र जुन्या चाळी आणि वाडे पाडताना निघालेले असे लाकूड खरोखरच मिळते. अनेक दशके महाराष्ट्राच्याच हवेत राहिल्याने ते चांगले मुरलेले असते. त्यातील खिळे, भोके आणि चिरताना होणारी घट हिशेबात धरली, तर तो सौदा वाईट नाही.

सागाखेरीज हेद, बिबळा, ऐन यांचाही उपयोग होतो. हेदाचे लाकूड बारीक पोताचे असून पूर्वीपासून जमिनीसाठी वापरात आहे. ऐन मजबूत खरा, पण घाईने सुकवल्यास तडकतो. आंब्याचे लाकूड स्वस्त असले तरी प्रक्रिया केल्यावाचून जमिनीला घेऊ नये. वाळवी आणि भुंगेरे त्याला लवकर गाठतात. कोणत्याही फळीखाली पिवळसर भुकटी पडलेली किंवा फळीवर टाचणीच्या डोक्याएवढी भोके आढळली, तर तो गठ्ठा परत करावा.

बाजारातील चार प्रकार

लाकडासारख्या दिसणाऱ्या सर्व जमिनी लाकडाच्या नसतात, हे ग्राहकाने प्रथम समजून घेतले पाहिजे. पहिला प्रकार अखंड लाकडाच्या फळीचा. तिची जाडी साधारणतः १८ ते २० मिलिमीटर असते. ती झिजल्यावर घासून पुन्हा नवी करता येते आणि असे अनेकदा करता येते.

दुसरा प्रकार इंजिनिअर्ड वुड. यात वर खऱ्या लाकडाचा साधारण २ ते ६ मिलिमीटरचा थर आणि खाली प्लायवुडचे आडवे-उभे थर असतात. थर एकमेकांना धरून ठेवत असल्यामुळे ही फळी पावसाळ्यात कमी फुगते. किनारपट्टीच्या दमट हवेत आणि सदनिकांच्या स्लॅबवर अखंड फळीपेक्षा ती अनेकदा सोयीची ठरते. वरचा थर किती मिलिमीटरचा आहे, हे मात्र विचारलेच पाहिजे. पातळ थर असल्यास एकदा घासल्यावर तो संपतो.

तिसरा प्रकार लॅमिनेट. लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या फळीवर लाकडाचे चित्र छापलेला कागद आणि त्यावर कठीण पारदर्शक लेप, असे त्याचे स्वरूप असते. ओरखड्यांना ते चांगले तोंड देते आणि स्वस्तही पडते. मात्र सांध्यातून पाणी शिरल्यास कडा फुगतात आणि त्या पुन्हा बसत नाहीत. ते घासून नवे करता येत नाही. त्याच्या टिकाऊपणाची प्रतवारी 'एसी' या अक्षरांपुढील आकड्याने दर्शवतात. घरगुती वापरास एसी-३ पुरेसे असते. चिकटद्रव्यातून निघणाऱ्या फॉर्मल्डिहाइड वायूचे प्रमाण मर्यादित असल्याची 'ई-१' ही खूण इंजिनिअर्ड आणि लॅमिनेट या दोन्ही प्रकारांत पाहावी.

चौथा प्रकार 'एसपीसी'. त्यात लाकूड मुळीच नसते. ते दगडाची पूड आणि प्लास्टिक यांचे मिश्रण होय. त्याला पाण्याचे भय नाही, पण लाकडाच्या नावाने आणि लाकडाच्या भावाने ते कोणी विकू नये व कोणी घेऊही नये.

खोली आणि स्लॅब

आपल्याकडे जमीन पुसण्याची, प्रसंगी बादलीभर पाणी ओतून धुण्याची चाल आहे. ही चाल मोडणे घरातील कोणालाही जमणार नसेल, तर त्या खोलीत लाकूड नको. न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि पावसाची झड येणारी बाल्कनी यांना लाकडी जमीन शोभत नाही. माडीवरील शयनगृह, अभ्यासिका, बैठकीची खोली येथे ती सुखाने नांदते. तेथेही फडके घट्ट पिळूनच फिरवावे. तळमजल्यावर जमिनीतून वर चढणारी ओल आणि वाळवी या दोन्ही शत्रूंचा बंदोबस्त आधी करावा लागतो. वाळवीप्रतिबंधक उपायांसाठी भारतीय मानक ६३१३ आहे. ते उपाय घर बांधतानाच झालेले उत्तम.

नवा स्लॅब वरून कोरडा दिसला तरी आत कित्येक महिने ओल धरून असतो. तपासण्याची सोपी रीत अशी : दीड फूट लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा कागद स्लॅबवर पसरून चारी कडा पट्टीने चिकटवाव्यात आणि २४ तासांनी उचलून पाहावे. कागदाच्या आतल्या बाजूला दव जमले किंवा खालचे काँक्रीट काळसर पडले, तर जमीन बसवण्यास अजून अवकाश आहे.

फळ्या घरी आल्यावर लगेच ठोकू नयेत. ज्या खोलीत त्या बसवायच्या, त्याच खोलीत रिपा घालून एक-दोन आठवडे ठेवाव्यात. भिंतीलगत चारी बाजूंनी १० ते १२ मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. सुताराने ही जागा सोडली म्हणजे काम ढिले केले, असे समजू नये. अखंड फळीच्या खालच्या अंगालाही लेपाचा एक हात द्यावा, म्हणजे दोन्ही अंगांनी ओल सारखी शिरते आणि फळी वाकत नाही. लेप ओल थांबवत नाही. तो तिचा वेग कमी करतो.

मोजमाप आणि कागदपत्रे

वखारीत चिरीव लाकडाचा हिशेब बहुधा घनफुटात होतो. १२ फूट लांब व १० फूट रुंद खोलीचे क्षेत्र १२० चौरस फूट. एक इंच जाडीच्या फळ्यांना त्यासाठी १० घनफूट लाकूड लागते. रंधा मारल्यावर ही फळी सुमारे पाऊण इंच उरते, म्हणजे घरात प्रत्यक्ष साडेसातच घनफूट लाकूड जाते. शिवाय फळीच्या एका कडेला खाच आणि दुसरीला जीभ काढताना रुंदी घटते आणि तुकड्यांतही काही जाते. म्हणून खरेदी साडेअकरा-बारा घनफुटांची, म्हणजे सुमारे ०.३४ घनमीटरची होते. हा फरक फसवणूक नव्हे, पण भाव खडबडीत मापाचा आहे की तयार मापाचा, हे आधी न ठरल्यास तोच भांडणाचे मूळ होतो.

पावतीवर लाकडाची जात, तयार जाडी आणि रुंदी, माल पोहोचताना असावयाचा ओलावा, घट किती धरली ती टक्केवारी आणि बसवण्याची मजुरी या गोष्टी वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात. ज्यांच्या शेतात सागाची झाडे आहेत त्यांनीही ध्यानात ठेवावे, की महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम, १९६४ नुसार अनुसूचित वृक्ष तोडण्यास सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि साग त्या अनुसूचीत आहे. वाहतुकीच्या परवान्याची चौकशीही वन विभागाच्या कार्यालयात तोडणीआधीच करावी. विनापरवाना लाकूड स्वस्त मिळाले तरी ते जप्त झाल्यास पैसे आणि लाकूड दोन्ही जातात.

माल ठरल्यापेक्षा वेगळा निघाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. मोबदल्याची रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असलेली प्रकरणे हा आयोग ऐकतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ओलाव्याचा आकडा पावतीवर लिहिलेला असेल, तर तक्रारीला आधार मिळतो. तो नसेल, तर उरतो तो केवळ शब्दाला शब्द.

जुन्या माडीवरच्या फळ्या आजही पायाखाली घट्ट लागतात, यामागे गूढ काही नाही. ते लाकूड पुरते मुरले होते आणि ते बसवणाऱ्यांना घाई नव्हती. आजच्या कुटुंबाला दोन-चार वर्षे थांबणे शक्य नाही. परंतु ओलावामापकाच्या दोन सुया टोचून पाहण्यास दोन मिनिटे पुरतात, आणि फळ्या खोलीत ठेवून वाट पाहण्यास दोन आठवडे. एवढा धीर धरणाऱ्याची जमीन पुढच्या पिढीच्याही पायाखाली राहील.